पाण्याखालचे प्रश्न : रात्री बोटीवर जागं कोण असतं?

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांची, मिस्टर ५१. अंदमानात दोघांनी ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केला, मागच्या डिसेंबरात पुढचा ॲडव्हान्स्डही झाला. माझ्या २८ डाइव्ह झाल्यात, त्यांच्या १६. येत्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच लिव्हअबोर्डवर, म्हणजे बोटीवरच राहून डाइव्ह करायला जायचा विचार आहे. एक एजंट इजिप्तच्या ‘ब्रदर्स-डीडलस’ आठवड्यावर घसघशीत सूट देतोय. मैत्रीण म्हणते मालदीवला जा. मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे. बोट निवडताना काय बघायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सूट राहू दे बाजूला, आधी डाइव्हच्या नोंदींची लॉगबुकं काढा. जोडीनं जाताय ना, मग हिशेब तुमच्या २८चा नाही, त्यांच्या १६चा. ब्रदर्स आणि डीडलस म्हणजे तांबड्या समुद्रात किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातून सरळ वर आलेले खडक. भिंत पायाखाली काळोखात जाते, करंट जोराचा, वर लाट. कित्येकदा रबरी होडीतून पाठमोरी उडी मारायची आणि वर न रेंगाळता थेट खाली जायचं. तिथल्या बोटी साधारण ५० डाइव्हची अट घालतात ती उगाच नाही. एजंटानं ही अट सांगितलीच नसेल, तर त्याच्याकडून साधं विमानाचं तिकीटसुद्धा काढू नका.

मालदीव मला प्रिय आहे, पण तिथला खरा खेळ ‘कांडू’त असतो. कांडू म्हणजे बाहेरचा समुद्र आणि अटॉलचं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याचं, आतलं पाणी यांना जोडणारी खिंड. फेब्रुवारीत पूर्वेकडच्या खिंडींतून स्वच्छ पाणी आत घुसतं, आणि त्या धारेत तोंड खुपसून शार्क उभे असतात. बघायला आपल्यालाही त्याच धारेत खडकाला हुक अडकवून लटकावं लागतं. नवख्या माणसाची हवा तिथं भराभर संपते. तिसाव्या डाइव्हनंतर जा, तेव्हा मजा येईल.

मी तुमच्या जागी असते तर थायलंडची सिमिलान बेटं धरली असती. तिथलं उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, त्यामुळे फेब्रुवारी ऐन हंगामात येतो. फुकेतला उतरायचं, खाओ लाकजवळच्या धक्क्यावरून बोट. चार रात्री, चौदा-पंधरा डाइव्ह. पहिल्या वेळेला आठवडाभर नकोच. तिसऱ्या दिवशी अंग बोलायला लागतं. करंट तिथंही असतो, विशेषतः को बोन आणि रिशेल्यू रॉकवर. पण सुरुवातीच्या डाइव्ह सोप्या ठेवून हात बसायला वेळ देतात. रिशेल्यूवर जांभळे मऊ प्रवाळ खडकाला असे लगडलेले असतात की खडक दिसतच नाही. त्यात करंगळीएवढा समुद्रघोडा शोधत बसा, अर्धा टँक तिथंच जातो.

आता बोट. फोटोतला जकुझी बघू नका. कंपनीला एक प्रश्न लेखी विचारा : रात्री सगळे झोपल्यावर जागं कोण असतं, आणि तो बोटभर फिरतो की एका जागी बसतो?

माझे वडील मालवणात तांडेल. रात्री जाळं टाकून होडी थांबली की चार खलाशांतला एक जागाच राहायचा, आणि त्याला डुलकी लागली तर बाबांचा आवाज किनाऱ्यापर्यंत यायचा. त्यामुळे मला हे जगजाहीर वाटायचं. मग २ सप्टेंबर २०१९ उजाडला. कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेली ३४ माणसं गेली. आग कशानं लागली हे शेवटपर्यंत नक्की झालं नाही, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांवर संशय होता. पण दोन गोष्टी चौकशीत स्पष्ट झाल्या. रात्री पहारा नव्हता. आणि झोपायच्या खोलीतून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच खोलीत निघत होत्या, तीच पेटलेली.

तेव्हापासून बोटीवर पाय ठेवला की बॅग टाकायच्या आधी मी केबिनच्या दारापासून वरच्या डेकपर्यंत डोळे मिटून, भिंतीला हात लावत जाते. पायऱ्या मोजते. मग दुसरी वाट शोधते. तिच्या झाकणावर कोणी टॉवेलांची टोपली ठेवली असेल तर उचलायला लावते. लोक हसतात. हसू दे. टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या दिवसा, माणसं वावरत असतात तिथं चार्ज करा. केबिनमध्ये रात्रभर लावून झोपू नका.

मिस्टरांची गोळी. डाइव्हच्या आरोग्य-अर्जात ४५च्या वरच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात, त्यात रक्तदाब येतोच. खोटं ‘नाही’ लिहू नका. डॉक्टरांची सही महिनाभर आधी घ्या, गोळीचं नाव आणि डाइव्हिंग दोन्ही सांगून. नेहमीच्या प्रवास-विम्यात स्कूबा बहुतेकदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. डाइव्हचा वेगळा विमा काढा.

सर्दी झाली तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच होतं. माझ्या पहिल्या लिव्हअबोर्डवर, मालदीवमध्येच, मुंबईहून शिंकत गेले होते. ‘पैसे भरलेत’ म्हणून नाक मोकळं करायची गोळी घेतली आणि उतरले. खाली सगळं छान. वर येताना गोळीचा असर संपलेला. कपाळात हवा कोंडली, कोणी आतून सुई फिरवावी तसं. मास्कमध्ये रक्त आलं. पुढचे चार दिवस डेकवर. बाकीचे डोणीतून निघायचे, म्हणजे टँक आणि कॉम्प्रेसर असलेली वेगळी होडी, आणि मी स्वयंपाक्यासोबत नारळ खवत बसायची. मासहुनी मी तिथं शिकले : मासा, खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सोबत गरम रोशी, म्हणजे तिथली पोळी. आपल्या सुक्याचीच चुलत बहीण. पण ती शिकायला भरलेले पैसे फारच झाले.

नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, त्याचा कोर्स जायच्या आधी उरका. दिवसाला तीन-चार डाइव्ह होतात तेव्हा शरीरात नायट्रोजन साठत जातो, ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणात तो कमी साठतो. मात्र खाली जायची हद्द कमी होते, साधारण ३३ मीटर. टँकमध्ये काय आहे ते स्वतः तपासायचं. ऑक्सिजन मोजायचा ॲनलायझर टँकच्या नळाला धरा, आकडा स्थिरावू द्या, पट्टीवर लिहा, वहीत सही करा. डाइव्हमास्टरनं ‘झालंय तपासून’ म्हटलं तरी.

स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर, मास्क आणि पाण्यावर बोटीला दिसायला नारिंगी सिग्नल ट्यूब न्या. बाकी भाड्यानं चालेल. बॅग मऊ घ्या, कडक सूटकेस बंकखाली जात नाही. पार्कचं शुल्क, नायट्रॉक्स, भाड्याचं सामान हे बोटीच्या पैशात धरलंय का ते विचारा. आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी. मी २४ धरते. धक्क्यावर संध्याकाळी उतरून त्याच रात्री मुंबई गाठायचा बेत केला असेल तर आत्ताच बदला.

प्रश्न : आम्ही दोघी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. शिवाय मला एसटीतसुद्धा लागते. बोटीवर निभेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जेवणाचं निभेल. बुकिंगच्या अर्जात ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका, ‘मासा नाही, अंडं नाही, फिश सॉस नाही’ असं फोड करून लिहा. मेतकूट आणि दाण्याची चटणी बरोबर ठेवा. लागण्याचं औषध मात्र डॉक्टरांना विचारून घरी एकदा घेऊन बघा. काहींना त्यानं इतकी गुंगी येते की डाइव्ह करणं धोक्याचं होतं. केबिन खालच्या डेकवर, बोटीच्या मध्यावरची मागा. तिथं हेलकावा सगळ्यात कमी. पण पायऱ्या मोजायच्या, वर सांगितलंय तशा.

प्रश्न : मालवणला दोनदा स्कूबा केलंय, व्हिडिओ पण आहेत. डायरेक्ट मालदीवची बोट बुक करू का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही. तुमच्या व्हिडिओत मागून टँक धरलेला एक हात दिसेल, नीट बघा. ते स्कूबा तो करत होता. तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे, नाहीतर अंदमान. ओपन वॉटर करा, १८ मीटरपर्यंत स्वतःच्या जिवावर जायला शिका. वीसेक डाइव्ह झाल्या की पुन्हा पत्र टाका.