एज ऑफ एम्पायर्स २ पुन्हा सुरू करताय? आधी हे वाचा

शाळेत असताना खेळलेला १९९९ चा हा राज्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम आणि आजची डेफिनिटिव्ह एडिशन (२०१९ ची नव्याने बनवलेली आवृत्ती) यांचा गाभा एकच आहे, त्यामुळे घाबरू नकोस. पण पहिल्याच दिवशी ऑनलाइन रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यात उडी घेऊ नकोस. तिथली मंडळी वर्षानुवर्षं रोज खेळतायत.

सुरुवात गेममधल्याच 'आर्ट ऑफ वॉर'च्या सराव-मोहिमांपासून कर. त्यातली अर्ली इकॉनॉमी पुन्हा पुन्हा खेळ, सुवर्णपदक मिळेपर्यंत. पूर्वी आपण भिंती बांधून सैन्य जमवत बसायचो. खरा खेळ मात्र गावकऱ्यांचा आहे. एक गावकरी ५० अन्नात आणि २५ सेकंदांत तयार होतो. ते जिथे तयार होतात ते टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत) रिकामं बसलं की तेवढे हात कायमचे कमी. म्हणून लढाई चालू असतानाही कीबोर्डवरचं एच दाबून तिकडे जायची आणि पुढचे गावकरी रांगेत लावायची सवय लाव. घरंही वेळेआधी बांध, नाहीतर लोकसंख्या अडकते, नवे गावकरी तयारच होत नाहीत.

शेतं आता आपोआप पुन्हा पेरता येतात, स्काउटही (नकाशा शोधणारा घोडेस्वार) स्वतःहून फिरतो. स्काउटची सोय मी वापरत नाही. नकाशा स्वतः पाहिला तरच डोक्यात बसतो.

खेळायला निवडायच्या संस्कृती (ब्रिटन, मंगोल वगैरे) खूप वाढल्यात, सगळ्या शिकायच्या मागे लागू नकोस. एकच धर. आणि २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या जोड-भागामधली राजेंद्र चोळाची मोहीम जरूर खेळ, फार सुंदर आहे. संगणकाविरुद्ध आधी मॉडरेट पातळी ठेव. ती सहज जिंकायला लागलास की हार्ड.