'बेलाडोना ऑफ सॅडनेस'मधली चित्रं हलतच नाहीत, प्रिंट खराब आहे का?

नाही, या 1973च्या जपानी अ‍ॅनिमेशन चित्रपटात बरीच चित्रं मुद्दामच स्थिर ठेवली आहेत. कुनी फुकाई यांची लांबच लांब जलरंगातली चित्रं आणि त्यांवरून, गुंडाळी उलगडावी तसा, सावकाश सरकणारा कॅमेरा, ही दिग्दर्शक एइची यामामोतो यांची पद्धत. पैशांची चणचणही होतीच म्हणा. चित्रपट बनवणारा स्टुडिओ, मुशी प्रॉडक्शन, त्याच वर्षी दिवाळखोरीत गेला. हालचाल ठरावीक ठिकाणीच राखून ठेवलीय. प्लेगच्या प्रसंगात घरं वितळून काळी पडतात, ते नीट बघा. पाहायचाच तर मूळ निगेटिव्हवरून केलेली 4के प्रत शोधा, कापलेली आठेक मिनिटं तीत परत जोडली आहेत. मात्र सुरुवातीलाच बलात्काराचा प्रसंग आहे. चित्ररूपात असला तरी अंगावर येतो.