‘पार्डनर’ म्हणजे भागीदार नव्हे, भिशी

प्रश्न असा आला आहे: १९५०च्या दशकातल्या लंडनमध्ये घडणारी एक रहस्यकादंबरी मराठीत आणते आहे. ब्रिक्स्टनमधलं एक घर, त्यात जमैकाहून आलेले भाडेकरू. मिस आयव्ही या सगळ्यांची ‘पार्डनर’ चालवते. एका शुक्रवारी ते पैसे नाहीसे होतात आणि संशय तिच्या भाचीच्या प्रियकरावर येतो. तो बार्बाडोसचा. ‘पार्डनर’साठी मी ‘भागीदारी’ वापरलं, पण पुढची वाक्यं लागत नाहीत. शिवाय प्रत्येकाचा ‘हँड’ आहे. आणि प्रियकराच्या पत्रात ‘मीटिंगमधली माझी टर्न’ असं काहीतरी आहे, तेही कळत नाही.

भागीदारी आधी खोडून टाका. शब्द ‘पार्टनर’वरूनच आला असला, तरी व्यवहार धंद्याचा नाही. वीस जणांनी दर आठवड्याला दोन-दोन पौंड काढायचे आणि जमलेले चाळीस पौंड दर खेपेला एकाने न्यायचे, असं वीस आठवडे. व्याज नाही, कागद नाही. आपल्याकडे याला भिशी म्हणतात आणि ती माहीत नसलेला मराठी वाचक सापडणं कठीण. ‘चिट फंड’ करू नका. त्यात फोरमन, लिलाव आणि कायदेशीर नोंदणी आली. मिस आयव्हीकडे फार तर एक वही असणार.

‘हँड’ची गंमत वेगळी आहे. जमैकन बोलीत हप्ता ‘टाकतात’ आणि जमलेली रक्कम ‘ओढतात’, आणि दोन्हीकडे ‘हँड’ येतो. हे शब्दशः आणलंत तर ‘शुक्रवारी रॉयने हात टाकला’ असं वाक्य तयार होईल आणि तुमच्या कादंबरीत लेखकाच्या स्वप्नातही नसलेला एक गुन्हेगार उभा राहील! ‘रॉयने हप्ता भरला’, ‘पुढची भिशी रॉयची’, ‘रॉयने भिशी उचलली’ एवढं पुरे. क्रियापदं भिशीची घेतलीत की अर्थ आपोआप लागतो.

मग नाम कुठलं ठेवायचं? माझं मत स्पष्ट आहे: निवेदनात भिशी, संवादात पार्डनर. कारण नुसतं ‘भिशी’ म्हटलं की आजच्या वाचकाला दुपारचा हॉल, हौजी आणि कोथिंबीर वड्या दिसतात. इथे तो सूर चालणार नाही. या माणसांना बँका आणि बिल्डिंग सोसायट्या (म्हणजे घरकर्ज देणाऱ्या तिथल्या संस्था) घरासाठी कर्ज द्यायला तयार नसत किंवा जबर अनामत मागत. भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्यांत ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या असत आणि त्या काळात अशी पाटी लावणं बेकायदा नव्हतं. १९६५ सालच्या वंशभेदविरोधी कायद्याने हॉटेलं, पब, बस यांसारख्या सार्वजनिक जागा तेवढ्या आवाक्यात घेतल्या. घरं आणि नोकऱ्या आल्या १९६८ साली. म्हणजे तुमच्या कादंबरीतला घरमालक दार लावून घेतो, तेव्हा पोलिसांकडे जाण्यात काही अर्थच नाही. पार्डनरच्या पैशांतून घराची अनामत भरली गेली, मागे राहिलेल्या नवऱ्याचं, बायकोचं, ठरलेल्या नवरीचं बोटीचं तिकीट निघालं. १९४८ साली जमैकाहून इंग्लंडला आलेल्या ‘एम्पायर विंडरश’ या बोटीवरची सगळ्यात स्वस्त जागा साधारण २८ पौंडांना होती. त्यामुळे चोरीला गेलेले चाळीस पौंड म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे, कुणाचं तरी लग्न लांबलं. पहिल्यांदा शब्द येईल तिथे एखाद्या पात्राच्या तोंडी ‘पार्डनर, म्हणजे आमची भिशी’ असं टाकू नका, जमैकन माणूस असं बोलणार नाही. निवेदकाने एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं.

आता ते पत्र. माझ्या अंदाजाने तुमच्या कादंबरीचा खरा दुवा इथे आहे. हीच भिशी बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’ म्हणून ओळखली जाते. गयानात ‘बॉक्स हँड’, त्रिनिदादमध्ये ‘सुसू’. हा शेवटचा पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतल्या ‘एसुसू’वरून आलेला, म्हणजे गुलामांच्या जहाजातून समुद्र ओलांडून गेलेला शब्द. (मराठीत तो आणायची वेळ आली तर जरा जपून, आपल्याकडे लहान मुलं तो वेगळ्याच कामासाठी वापरतात.) तेव्हा प्रियकर कुठल्या सभेला जात नव्हता. त्याने लिहिलंय ते ‘भिशीतली माझी पाळी’. पोलिसांना ते कळणार नाही हे उघड आहे. पण जमैकन मिस आयव्हीलाही चटकन कळू नये, हे लेखकाने बरोबर हेरलंय.

तिथला गोरा शेजारी सगळ्यांनाच सरसकट ‘जमैकन’ म्हणे. या लोकांचे आपसातले भेद मात्र चांगले धारदार होते. जमैका मोठं बेट, तिथली माणसं इतरांना ‘स्मॉल आयलंडर’ म्हणून हिणवत. भाचीने बार्बाडोसच्या पोराशी सूत जुळवलंय म्हणून घरात नाकं मुरडली जातायत ती त्यामुळे. ‘स्मॉल आयलंडर’ला ‘छोट्या बेटावरचा’ अगदीच मिळमिळीत होतं. ‘चिमूटभर बेटावरचा’ किंवा नुसतं ‘कुठल्याशा टीचभर बेटावरचा’ करून पाहा, तुच्छता ऐकू आली पाहिजे. पत्र मात्र भाषांतरात ‘मीटिंग’ असंच राहू द्या. ‘भिशी’ लिहिलंत तर रहस्य तुम्हीच पाचव्या प्रकरणात फोडाल. उलगड्याच्या प्रकरणात कुणी तरी सांगेलच.

तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात ‘निर्वासित’ हा शब्द दोनदा आहे, तो काढा. ही माणसं ब्रिटिश प्रजाजन म्हणून, हक्काने आली होती. १९६२पर्यंत त्यांच्या येण्यावर बंधन नव्हतं. ‘स्थलांतरित’ चालेल, पण एकमेकांशी बोलताना ती स्वतःला तसं म्हणवत नसणार, म्हणून संवादात ‘आपली माणसं’ बरं.

आणि ‘मिस आयव्ही’चं ‘आयव्हीमावशी’ फक्त भाचीच्या तोंडी ठेवा. जमैकात वडीलधाऱ्या बाईच्या पहिल्या नावाआधी आदराने ‘मिस’ लावतात, लग्न झालेलं असो वा नसो. त्यामुळे ‘कुमारी’ तर मुळीच नको, तिला तीन मुलं आहेत.