विद्यापीठाच्या वसतिगृहात १०० जणांचा इफ्तार ठेवायचाय. तयारी काय लागेल?

आधी सहरी (पहाटेचं खाणं) आणि इफ्तार (सूर्यास्ताला रोजा सोडणं) यांचं वेळापत्रक तपासा, घोटाळा तिथेच होतो. मोबाइलवर बरेचदा मुंबईचं फिरतं. छत्रपती संभाजीनगरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण १० मिनिटं आधी मावळतो, नांदेडला तर १८. इफ्तारला उशीर झाला तर मुलं उगाच ताटकळतील, इतकंच. पण तेच वेळापत्रक सहरीला धरलं तर वेळ टळून गेल्यावरही खाणं चालू राहील आणि रोजाच जाईल. स्थानिक मशिदीचंच घ्या.

खजूर माणशी तीन, म्हणजे ३ किलोच्या आसपास. सरबताच्या ७५० मिलीच्या बाटलीत २५ ग्लास होतात, चार आणा. साधं पाणी मात्र हात सैल सोडून ठेवा, मराठवाड्यातला मार्च आहे! फळं २० किलो. साल-बिया जाऊन १५ उरतात. टरबूज शेवटच्या तासाभरातच चिरा, नाहीतर ताटात नुसतं पाणी.

पाहुण्यांची भाषणं अर्धा तास आधी उरकून घ्या. अजान झाली की खजूर, पाणी आणि लगेच मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज. तिची वेळ थोडी असते. नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) त्यानंतर. शाकाहारी मुलांचं पातेलं आणि डावही वेगळा ठेवा, नाहीतर गर्दीत एकच डाव दोन्हीकडे फिरतो.

नमाजाच्या सतरंज्या मक्केच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलत्या. वजूचे (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुण्याचे) नळ सुरू आहेत ना, ते दुपारीच बघा. वसतिगृह अधीक्षकांची परवानगी लेखीच घ्या. माइक लावणार असाल तर त्याचा उल्लेख अर्जातच करा.