मिजेट म्हणजे बुटका नव्हे, आणि स्टॉक म्हणजे साठा नव्हे

प्रश्न असा आला आहे : रॉजर वॉर्ड या अमेरिकन शर्यतपटूच्या माहितीत त्याला 'मिजेट आणि स्टॉक कार ड्रायव्हर' म्हटलं आहे. मग तो ठेंगणा होता का? आणि 'स्टॉक कार'ला 'साठ्यातली गाडी' म्हटलं तर चालेल का?

ठेंगणी होती ती गाडी. मिजेट म्हणजे एका माणसापुरती, उघड्या चाकांची छोटी रेसिंग कार. १९३३ पासून कॅलिफोर्नियात या गाड्यांच्या नियमित शर्यती सुरू झाल्या. पाव मैलाचा गोल ट्रॅक त्यांना पुरे, त्यामुळे साध्या स्टेडियममध्येही रात्री दिव्यांच्या उजेडात त्या पळवता येत. म्हणून 'मिजेट ड्रायव्हर'चं 'बुटका चालक' करणं साफ चूक. शिवाय माणसाला मिजेट म्हणणं आज इंग्रजीत अपमानास्पद मानतात. मराठीत 'मिजेट गाडी' असंच लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगावा.

वॉर्ड दुसऱ्या महायुद्धातला वैमानिक. युद्ध संपलं आणि तो मिजेटकडे वळला. तेव्हा या शर्यतींत ऑफेनहाउझर इंजिनापुढे कुणाचं काही चालत नसे. १९५० च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या गिलमोर स्टेडियममध्ये वॉर्डने व्हिक एडलब्रॉक या गाडीमालकाची फोर्ड इंजिनाची मिजेट चालवून ती मक्तेदारी मोडली, आणि दुसऱ्याच रात्री सॅन बर्नार्डिनोला पुन्हा जिंकला. हा माणूस मला फार आवडतो तो यासाठी.

आता 'स्टॉक'. १९५१ मध्ये वॉर्ड अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनचा स्टॉक कार विजेता ठरला. इथे स्टॉक म्हणजे कारखान्यातून जशी बाहेर पडते तशी, गिऱ्हाइकाला शोरूममध्ये मिळते ती गाडी. 'साठा' हा शब्द मुळाशी आहे खरा, पण 'साठ्यातली गाडी' म्हटलं की मराठी वाचकाला गोदामात पडून राहिलेली गाडी दिसते. आपल्याकडे बुलेटवाले 'सायलेन्सर स्टॉकच ठेवलाय' म्हणतात, तो नेमका हाच अर्थ. गॅरेजमध्ये त्यालाच 'कंपनीचा' म्हणतात. तेव्हा समजावून सांगताना 'कंपनीतून आली तशी गाडी' म्हणावं. मात्र नॅस्कार या अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या संघटनेच्या आजच्या गाड्यांना हे लावू नका. त्या शर्यतीसाठीच बांधलेल्या असतात, 'स्टॉक' फक्त नावात उरलं आहे.

वॉर्डने पुढे १९५९ आणि १९६२ मध्ये इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली नामांकित ५०० मैलांची शर्यत जिंकली. १९५९ मध्येच कनेटिकटच्या लाइम रॉक ट्रॅकवर त्याने मिजेट घेऊन भारी युरोपीय गाड्यांना हरवलं. तीच जिद्द धरून तो डिसेंबरमध्ये सेब्रिंगच्या फॉर्म्युला वन शर्यतीतही मिजेट घेऊन उतरला. तिथल्या लांब सरळ रस्त्यांवर मात्र ती मागे पडली. पात्रता फेरीत तो सर्वांत शेवटी होता, आणि शर्यतीत विसाव्या फेरीनंतर क्लचने दगा दिला.