मैत्रिणीचं गाऱ्हाणं आणि चिमणरावांची काऊ

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर बडोद्याचं, मराठी वस्तीच्या दांडिया बाजारातलं. शाळेपासूनच्या तिघी मैत्रिणींपैकी एक अजून बडोद्यातच आहे, दुसरी पुण्यात आणि या तिकडे. त्या लिहितात:

“दर आठवड्याला आमचा तिघींचा फोन असतो. मालिकेतली सून, कादंबरीतला नायक, कुणाचं काय चुकलं हे बोलता बोलता दीड तास कसा जातो कळत नाही. पण मी माझं काही सांगायला गेले, की बडोद्याची म्हणते, ‘तुला गं काय कमी आहे?’ आणि तिने सासूबाईंच्या आजारपणाचं काढलं, की मी म्हणते नर्स ठेव, ऑनलाइन बघ, पैसे पाठवू का. मग ती गप्पच होते. नवरा म्हणतो, खोट्या माणसांवर एवढं बोलता आणि स्वतःचं बोलायची वेळ आली की अडता. त्याचं बरोबर आहे का?”

मला नाही तसं वाटत. त्या गप्पा बंद करू नका. तुमच्या मैत्रिणीला जे सांगायचं आहे ते ती तिथेच सांगते आहे. पुढच्या वेळी ती मालिकेतल्या सुनेवर चिडेल तेव्हा नीट ऐका. सून उलटून बोलत नाही म्हणून ती चिडते, की घरातलं सगळं त्या एकटीवर पडलं आहे म्हणून? नवऱ्याचा राग येतो, की लांब राहून सल्ले देणाऱ्या दिराचा? हे दोन्ही राग फार वेगळे आहेत. एक मुलगा इथे आणि एक परदेशात अशी घरं बडोद्यात गल्लोगल्ली आहेत. आईवडिलांची औषधं, दवाखाना, रात्रीची जागरणं इथल्या सुनेकडे, आणि तिकडून पैसे व सूचना. तिच्या घरीही असंच असेल, तर तुमचं ‘नर्स ठेव’ तिच्या कानाला दिराच्या फोनसारखं लागणार. तुमची माया खरी आहे, पण ते वाक्य तिने आधीच खूपदा ऐकलेलं आहे.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ तुम्हाला माहीत असतीलच. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरांत नेली. पण ज्यांनी आपल्या विनोदी कथांतून ती निर्माण केली ते लेखक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) बडोद्याच्या कॉलेजात पाली भाषा शिकवायचे, हे दांडिया बाजारात वाढलेल्यांनाही बरेचदा ठाऊक नसतं. पालीचा एवढा व्यासंगी माणूस एका कारकुनाच्या घरातल्या रोजच्या कटकटींवर इतक्या प्रेमाने लिहितो, याचं मला फार अप्रूप आहे. पाहुणे, प्रवास, दुखणीखुपणी, फसलेले बेत, सगळं चिमणराव स्वतःच्या तोंडाने सांगतात. ते उपाय मागत नाहीत. त्यांना आपली फजिती शेवटपर्यंत सांगायची असते. उपायाला धावून येतो तो गुंड्याभाऊ, दांडगा आणि मनाने निर्मळ, आणि त्याच्या मदतीने पुष्कळदा गोंधळ वाढतो.

फोनवर तुम्ही गुंड्याभाऊ होता आहात. हे दूषण नव्हे. लांब असलेल्या माणसाला हातांनी काही करता येत नाही, म्हणून जीव तगमगतो आणि तोंडातून उपाय निघतात. तेव्हा सरळ विचारत जा, “नुसतं ऐकू, की काही करू?” ती ‘ऐक’ म्हणाली, तर तिचं बोलणं संपेपर्यंत एकही उपाय सुचवू नका. तुमची पाळी आली, की तुम्हीही हेच आधी सांगून ठेवा: “मला आज फक्त बोलायचंय.” बर्फ उपसून कंबर धरली, पाळणाघराचा फोन आला म्हणून मीटिंग सोडावी लागली, आजारपणात घरात दुसरं माणूस नाही, हे त्रास मैत्रिणीला दिसत नाहीत. तिला फोटोतलं घर दिसतं. घटना बारीकसारीक तपशिलांसह सांगा, ‘इकडे फार एकटं वाटतं’ एवढ्यावर थांबू नका.

आणखी एक करून पाहा. तिघींनी चिमणरावांची एकच गोष्ट वाचा आणि फोनवर ती त्यांच्या बायकोच्या, काऊच्या तोंडून सांगा. सगळं चिमणरावच सांगत असल्यामुळे त्यांची बायको आपल्याला त्यांच्या नजरेतूनच दिसते. त्या दिवशी स्वयंपाकघरात काय चाललं होतं, मोरू आणि मैनाला कुणी सांभाळलं, पाहुणे आल्यावर घरात काय शिल्लक होतं, ते तिला विचारायला हवं. बडोद्याच्या मैत्रिणीला काऊ होऊ द्या. काऊच्या नावाने ती जे बोलेल त्यात तिचं स्वतःचं बरंच असेल. ते तसंच राहू द्या. ‘म्हणजे तुझ्या घरीपण असंच का?’ असं लगेच विचारलंत तर ती पुन्हा मिटेल. ‘तू अगदी त्या सासूसारखी वागतेस’ असली तुलनाही कुणी कुणाची करायची नाही. नाहीतर पुढच्या वेळी कुणी मोकळं बोलणार नाही.

याला एक अपवाद आहे. बोलण्यात मारहाण, धमकी, किंवा जगण्याचा कंटाळा असं काही आलं, तर गोष्ट तिथेच बाजूला ठेवा आणि पुण्याच्या मैत्रिणीला रजा देऊन बडोद्याच्या मैत्रिणीशी एकटीने, स्पष्ट बोला. गुजरातमध्ये महिलांसाठी १८१ ‘अभयम’ हेल्पलाइन आहे. ती बडोद्यातून तिलाच लावता येईल. हा नंबर तिच्यापाशी आहे ना, ते बघा.

वेळेचंही बघा. तुमच्याकडे शनिवारी सकाळचे ९ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात असतात. दिवेलागण, कुकर, सासूबाईंची औषधं, सगळं त्याच वेळी. ११ वाजता लावलात तर इथे साडेआठ किंवा साडेनऊ होतील, ओटा आवरून ती निवांत बसलेली असेल. नवरात्रात मात्र नऊ रात्री बडोद्यात कुणी फोन उचलत नाही, आणि १४-१५ जानेवारीला सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं. तेव्हा न उचललेला फोन मनाला लावून घेऊ नका.

यजमानांनाही एकदा फोनवर बसवा. गुंड्याभाऊचं काम त्यांना द्या.