फायली उडवल्या, तरी डिस्क भरलेलीच?

अक्कलकोट रोडच्या तुमच्या कारखान्यात चादरींच्या जेकार्ड डिझाइनच्या जुन्या फायली उडवूनही जागा सुटली नाही, हा बिघाड नव्हे. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइलसिस्टममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीत, बदललेला मजकूर नव्या ब्लॉकवर, म्हणजे डिस्कच्या नव्या तुकड्यावर जातो. जुना ब्लॉक ज्या ज्या स्नॅपशॉटने (फायलींच्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या रूपाने) धरलाय, ते सगळे काढेपर्यंत तो सुटत नाही. तेव्हा आधी जुने स्नॅपशॉट काढ. आकडा लगेच हलणार नाही, सफाई मागे चालू असते. घाबरू नकोस, थांब.

मोकळी जागा दाखवणाऱ्या नुसत्या ‘डीएफ’ कमांडवर विसंबू नकोस. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम यूसेज’ चालव आणि ‘अनअलोकेटेड’ची, म्हणजे अजून कशालाच न वाटलेल्या जागेची ओळ बघ. ती शून्याला टेकली आणि मेटाडेटाही (फायलींच्या नोंदींची जागा) भरला, की डेटात जागा दिसत असूनही ‘नो स्पेस लेफ्ट’ येतं. मग बॅलन्स कर, म्हणजे डेटा नव्याने रचून घे, पण ‘डीयूसेज’ला (किती टक्क्यांपर्यंत भरलेले चंक घ्यायचे ती मर्यादा) आधी 5, मग 10 देऊन, त्याने जवळपास रिकामे चंक, म्हणजे वाटून दिलेल्या जागेचे मोठे तुकडे, मोकळे होतात. मेटाडेटाच्या बॅलन्सला उगाच हात लावू नकोस.

रोजचे 7 आणि आठवड्याचे 4 स्नॅपशॉट मला पुरेसे वाटतात. आणि बाळा, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की डिझाइनं गेली. बीटीआरएफएसच्याच ‘सेंड-रिसीव्ह’ कमांडने एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घे आणि ती डिस्क घरी ठेव.